पारखलेला कुत्रा, घडवलेले पिल्लू

कुत्रा पाळायचे ठरले की पिल्लू आणावे की मोठा झालेला कुत्रा, हा प्रश्न बहुधा हौसेचा किंवा सोयीचा मानला जातो आणि त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले जाते. विसाव्या शतकात मात्र एका व्यवसायाला हाच प्रश्न पैसा, वेळ आणि माणसाचा जीव या तिन्हींचा हिशेब मांडून सोडवावा लागला. अंध व्यक्तीला रस्त्यावरून सुखरूप नेणारे कुत्रे, म्हणजेच मार्गदर्शक श्वान, तयार करणाऱ्या संस्थांनी आरंभीची काही दशके प्रामुख्याने मोठे कुत्रे निवडले आणि नंतर त्या पिल्लांकडे वळल्या. या स्थित्यंतराची कारणे तपासली तर असे दिसते की पिल्लू मुळातच अधिक चांगले असल्याचा शोध कोणाला लागला नव्हता. पिल्लू वाढवण्याचा भार विनामूल्य उचलणारी घरे आणि कुत्र्यांच्या वंशाची काटेकोर नोंद ठेवणारी यंत्रणा या दोन गोष्टी उभ्या राहिल्यावरच पिल्लू परवडू लागले.

आंधळ्याच्या हातातली दोरी आणि तिच्या टोकाला कुत्रा हे दृश्य युरोपात फार जुने आहे. पहिल्या शतकातील हर्क्युलेनियम या रोमन नगरातील एका भित्तिचित्रातही ते आढळते. परंतु अशा कुत्र्याला पद्धतशीर शिकवता येते याच्या नोंदी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागतात. व्हिएन्नातील योझेफ राइझिंगर या चाळण्या बनवणाऱ्या अंध कारागिराने १७८८च्या सुमारास आपला स्पिट्झ जातीचा कुत्रा इतका तयार केला होता की त्याच्या अंधत्वाविषयीच लोकांना शंका येई. त्याच शहरात अंधांसाठी शिक्षणसंस्था स्थापन करणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइन याने १८१९मधील आपल्या ग्रंथात पूडल आणि मेंढपाळी कुत्रे या कामास योग्य असल्याचे सांगून, कुत्र्याच्या साजाला ताठ काठी जोडण्याची युक्ती सुचवली. दोरीऐवजी काठी असली की कुत्र्याची प्रत्येक हालचाल माणसाच्या हाताला कळते, हे तिच्यामागचे तत्त्व आजच्या साजाच्या मुठीतही कायम आहे. स्वित्झर्लंडच्या याकोब बिरर या अंध गृहस्थाने १८४७मध्ये स्वतः शिकवलेल्या कुत्र्यासह काढलेल्या वर्षांची हकीकत प्रसिद्ध केली. तथापि हे सारे एकेका माणसाचे आणि एकेका कुत्र्याचे कसब होते; कोणत्या वयाचा कुत्रा घ्यावा याचा नियम बांधावा इतक्या संख्येने कुत्रे तोवर कोणालाच लागत नव्हते.

ती गरज पहिल्या महायुद्धाने निर्माण केली. विषारी वायूने आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांनी दृष्टी गेलेले जर्मन सैनिक मोठ्या संख्येने परतू लागले तेव्हा डॉ. गेर्हार्ड श्टालिंग यांच्या पुढाकाराने १९१६मध्ये ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा सुरू झाली. तिच्यामागे उभी असलेली संघटना मूळची रणांगणावर जखमींचा शोध घेणाऱ्या कुत्र्यांची होती, म्हणजे कुत्रे पारखणारी आणि शिकवणारी माणसे तिच्याकडे आधीपासूनच होती. शाळेच्या शाखा पुढे ब्रेस्लाऊ, ड्रेस्डेन, हांबुर्ग अशा अनेक शहरांत निघाल्या आणि १९२६मध्ये ती बंद पडली. परंतु तत्पूर्वीच, १९२३मध्ये, जर्मन शेफर्ड या जातीच्या संघटनेने पोट्सडाम येथे दुसरे केंद्र उघडले होते, जिथे एका वेळी सुमारे १०० कुत्रे ठेवता येत आणि महिन्याला बारापर्यंत तयार कुत्रे बाहेर पडत.

या केंद्रांत येणारा कुत्रा वाढलेला असे, आणि त्यामागे भावनेपेक्षा घाई अधिक होती. अंध झालेला सैनिक आज दारात उभा असताना आठ आठवड्यांचे पिल्लू मोठे होईपर्यंत दीड वर्ष थांबणे शक्य नव्हते. शिवाय वाढलेला कुत्रा आपल्याविषयीच्या बऱ्याच गोष्टी उघड्यावर ठेवतो: त्याची अंतिम उंची व वजन ठरलेले असते, मागच्या पायांच्या सांध्यांतील दोष दिसू लागलेले असतात, आणि तो दचकणारा आहे, गुरगुरणारा आहे की शांत आहे हे अनुभवी माणसाला काही दिवसांत सांगता येते. पिल्लाच्या बाबतीत यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट अंदाजाची असते. गुरांच्या बाजारात दात आणि चाल पाहून बैल घेणाऱ्या शेतकऱ्याला वासरू घेणे आणि बैल घेणे यांतील जो फरक सांगावा लागत नाही, तोच हा फरक होय.

शिक्षणाचे स्वरूपही या निवडीला अनुकूल होते. पदपथाच्या कडेला थांबणे, खांब किंवा माणसे चुकवताना स्वतःबरोबर शेजारी चालणाऱ्या माणसाची रुंदी लक्षात घेणे, कुत्र्याला सहज लागणार नाही पण माणसाच्या कपाळाला लागेल अशी झाडाची फांदी टाळणे, आणि समोरून वाहन येत असताना पुढे जाण्याची आज्ञा मिळाली तरी ती मोडणे, या गोष्टी कुत्र्याला शिकवाव्या लागतात. यांतील शेवटच्या गुणाला विवेकी अवज्ञा म्हणता येईल, आणि सर्वांत कठीण तोच. हे शिक्षण काही महिन्यांचे असते आणि ते झेपण्यासाठी कुत्र्याचे शरीर व लक्ष दोन्ही स्थिर झालेले असावे लागते; त्यामुळे पिल्लू घेतले तरी त्याच्या मोठे होण्याची वाट पाहणे चुकत नाही.

जर्मनीतील हे काम अमेरिकेत पोचवणाऱ्या डोरथी हॅरिसन यूस्टिस यांची गोष्ट या दृष्टीने मोठी बोलकी आहे. स्वित्झर्लंडमधील व्हेव्हे या गावाच्या वरच्या अंगाला, माँ पेलेरँ येथे, त्यांनी फॉर्च्युनेट फील्ड्स नावाचे केंद्र उभारले होते आणि तिथे एलियट हंफ्री यांच्या साहाय्याने पोलीस, लष्कर व जकात खात्यांसाठी जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास चालवली होती; म्हणजे वंश निवडून पिल्लू घडवण्याची विद्या ज्यांच्या हाती होती अशा त्या काळच्या थोड्या लोकांपैकी त्या एक होत्या. पोट्सडामची शाळा पाहून त्यांनी ५ नोव्हेंबर १९२७च्या ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला, तो नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला, आणि १९२८मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे त्याला मिळालेली, आणि त्याने ‘बडी’ असे नाव दिलेली कुत्री पूर्ण वाढलेली व शिकवलेली होती. पैदास करणाऱ्या यूस्टिस यांनीही त्याच्या हाती पिल्लू दिले नाही. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली आणि दोन वर्षांनी ती न्यू जर्सी राज्यात गेली. १९३४पासून ती विद्यार्थ्याकडून पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५० डॉलर घेऊ लागली. दान घेतल्याची भावना राहू नये म्हणून आकारलेली ही रक्कम अनेक दशके बदलली नाही; खरा खर्च तिच्या कित्येक पट असल्यामुळे नापास झालेला प्रत्येक कुत्रा देणगीदारांच्या पैशातून वजा होत असे.

इंग्लंडमध्ये म्युरिएल क्रूक आणि रोझमंड बाँड या दोन स्त्रियांनी मर्सी नदीच्या मुखाजवळील वॉलसी येथे एका साध्या जागेत हे काम सुरू केले. यूस्टिस यांनी पाठवलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ज्यूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार जर्मन शेफर्ड कुत्र्या तयार होऊन ऑक्टोबर १९३१मध्ये चार अंध पुरुषांबरोबर बाहेर पडल्या. १९३४मध्ये मार्गदर्शक श्वानांची राष्ट्रीय संस्था रीतसर स्थापन झाली. पुढची वीसेक वर्षे कुत्रे मुख्यतः देणगीतून किंवा खरेदीतून मिळत, आणि इथेच मोठ्या कुत्र्याची दुसरी बाजू पुढे आली. त्याचा स्वभाव दिसतो, पण तो स्वभाव कशातून घडला ते दिसत नाही. अंगणात शांत उभा राहणारा कुत्रा शहरातील ट्रॅमगाडीच्या आवाजाने गोठून जातो किंवा मांजर दिसताच सारे शिक्षण विसरतो, आणि हे कधीकधी कित्येक आठवड्यांची मेहनत खर्ची पडल्यावर कळते. देणगीत आलेल्या कुत्र्याचा आधीचा मालक त्याचे दोष नेहमीच सांगतो असेही नाही. तो कुत्रा देण्यामागे ते दोषच असू शकतात.

मोठे कुत्रे निवडण्याच्या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. अमेरिकी लष्कराजवळ फारसे कुत्रे नसल्यामुळे १९४२मध्ये ‘डॉग्ज फॉर डिफेन्स’ या नागरी संघटनेमार्फत लोकांना आपले घरचे कुत्रे युद्धकार्यासाठी देण्याचे आवाहन करण्यात आले. वयाची अट साधारण एक ते पाच वर्षांची होती. युद्ध संपेपर्यंत १९,००० हून थोडे अधिक कुत्रे मिळाले आणि त्यांतील सुमारे ४५ टक्के आरोग्य, आकार किंवा स्वभाव यांपैकी कशावरून तरी नाकारले गेले. हा आकडा पुष्कळदा अपयशाचा पुरावा म्हणून मांडला जातो, पण ते वाचन एकांगी आहे. मोठा कुत्रा नाकारायला थोडे दिवस लागतात आणि नाकारलेला कुत्रा आपल्या घरी परत जातो. तेच पिल्लू नाकारायचे तर त्यासाठी वर्षभर अन्न, औषध आणि माणसांचा वेळ घातलेला असतो. हजारो घरांतून कुत्रे येत असतील तेव्हा निम्मे नाकारणे परवडते. दारात मोजकेच कुत्रे येणाऱ्या लहान संस्थेला ते परवडत नाही.

अशीच एक लहान संस्था १९४२मध्ये कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस येथे सुरू झाली आणि १९४७मध्ये सान राफाएलला गेली. तिच्या अगदी पहिल्या कुत्र्यांपैकी ब्लाँडी ही जर्मन शेफर्ड कुत्री पॅसाडेना येथील प्राणी-आश्रयगृहातून, म्हणजे बेवारस कुत्रे ठेवण्याच्या जागेतून, आणलेली होती, आणि युद्धात दृष्टी गमावलेल्या एका सैनिकाची ती मार्गदर्शक झाली. बेवारस मोठा कुत्राही या कामाच्या सर्वोच्च पातळीला पोचू शकतो याचा तो पुरावा होता. पण त्या पातळीला न पोचणारे कुत्रे फार होते. संस्थेचे स्वयंसेवक क्लॅरन्स फाफेनबर्गर यांनी नोंदवल्याप्रमाणे आरंभी शिक्षण सुरू केलेल्या कुत्र्यांपैकी अवघे ९ टक्के मार्गदर्शक होऊ शकत. त्यांनी १९४६पासून संस्थेतच पैदास केलेल्या पिल्लांच्या चाचण्या घेण्यास आरंभ केला. आठ ते बारा आठवडे वयात दर आठवड्याला पिल्लाला अनोळखी जागी नेऊन ते आवाजाला, हलत्या गाडीला आणि नव्या माणसाला कसे सामोरे जाते, फेकलेली वस्तू आपण होऊन आणून देते की नाही, हे पाहिले जाई, आणि त्यांच्या अनुभवात वस्तू आणून देण्याची तयारी हे पुढील यशाचे विशेष महत्त्वाचे लक्षण ठरले. १९५८पर्यंत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले, असे त्यांनी लिहिले आहे.

९ आणि ९० हे आकडे शेजारी ठेवले की पिल्लाची बाजू निर्विवाद वाटू लागते, आणि श्वानविषयक लेखनात ते तसेच ठेवले जातात. परंतु दोन्ही वेळा मोजणी सारखी नव्हती: पहिल्या आकड्यात बाहेरून आलेले, फारसे न चाळलेले कुत्रे आहेत, तर दुसऱ्यात निवडक आईबापांची, चाचण्यांतून गाळून उरलेली आणि घरांत वाढवलेली पिल्ले आहेत. या बदलात वय हा एक घटक होता. वंशाची निवड, पूर्वचाचणी आणि संगोपन हे आणखी तीन, आणि ते एकाच वेळी बदलले गेल्यामुळे यशाचे श्रेय एकट्या वयाला देता येत नाही.

वयाचा वाटा नेमका कोणता, याचे अधिक नेमके उत्तर मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत मिळाले. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनिएल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरिअर या पाच जातींच्या पिल्लांचा दीर्घकाळ अभ्यास केला व त्याचे फलित १९६५मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्याच प्रयोगशाळेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्लांना उंच कुंपणाच्या आवारात माणसांच्या संपर्काविना वाढू दिले आणि वेगवेगळ्या गटांना दोन, तीन, पाच, सात व नऊ आठवडे वयात केवळ एक एक आठवडा माणसांत आणले. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न भेटलेली पिल्ले रानटी जनावरांसारखी वागली आणि नंतरही ती पुरती माणसाळली नाहीत. यावरून साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या काळाला सामाजिकीकरणाचा काळ, म्हणजे आपले कोण हे मेंदूवर ठसण्याचा काळ, असे नाव मिळाले. फाफेनबर्गर आणि स्कॉट यांनी १९५९मध्ये दाखवले की बारा आठवड्यांच्या चाचण्या संपताच आठवडाभरात घरी गेलेल्या पिल्लांपैकी ९० टक्के यशस्वी झाली, तर तीन आठवड्यांहून अधिक काळ श्वानगृहातच राहिलेल्यांपैकी ३० टक्केच. चाचणीत दोन्ही गट उत्तीर्णच होते; फरक घराचा होता. मेंढरांच्या कळपातच पिल्लू वाढवणाऱ्या मेंढपाळांना, आणि त्यांत महाराष्ट्रातील धनगरही आले, हे तत्त्व प्रयोगशाळेपूर्वीपासून व्यवहारात ठाऊक होते. मात्र कोणता आठवडा चुकला तर किती नुकसान होते, हे मोजून सांगणे ही नवी गोष्ट होती.

हे घर मिळवणे हाच या इतिहासातील खरा टप्पा. ‘द सीइंग आय’ने १९४२मध्ये न्यू जर्सीतील फोर-एच या ग्रामीण मुलामुलींच्या संघटनेशी हातमिळवणी केली; शेतावरच्या घरातले मूल पिल्लाला वर्षभर वाढवी, दुकानांत, रस्त्यांवर आणि गर्दीत नेई, आणि मग संस्थेला परत करी. ब्रिटनमध्ये अशीच योजना १९५६मध्ये आली आणि पिल्लू फिरवणाऱ्या या स्वयंसेवकांना तिथे ‘पपी वॉकर’ म्हणू लागले. १९६०च्या दशकात तिथल्या संस्थेने स्वतःची पैदासही उभी केली. १९६४मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हनी नावाचे पिल्लू सर्व देशासमोर वाढवले आणि ही प्रथा घरोघरी माहीत झाली. संस्थांच्या हिशेबवहीत या संगोपनाचा बराच खर्च दिसत नाही, कारण रात्री उठून पिल्लाला बाहेर नेणाऱ्या, कुरतडलेल्या चपला फेकणाऱ्या आणि वर्षाअखेरीस ताटातूट सोसणाऱ्या कुटुंबांनी तो आपल्या अंगावर घेतला होता. पिल्लू स्वस्त पडते असे जे पुढे मानले गेले, ते या न मांडलेल्या श्रमांच्या जोरावर.

काही पोलिसी आणि लष्करी श्वानपथकांतही पिल्लापासून सुरुवात करण्याचा हाच क्रम दिसतो. १९९३च्या बाँबस्फोटांच्या तपासात स्फोटकांचे मोठे साठे हुडकणारा मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्रेडॉर १९९२च्या आरंभी जन्मला, पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पथकात दाखल झाला. फरक इतकाच की अशा पथकात संगोपनाचे घर हे बहुधा पगारी श्वान-हस्तकाच्या रूपाने खात्यातच असते.

सामान्य कुटुंबाने या इतिहासातून स्वतःपुरते काही घ्यायचे तर आपण १९५८च्या सान राफाएलच्या जागी आहोत की १९३१च्या वॉलसीच्या, हे आधी पाहावे. दिवसभर माणूस असलेले घर, पिल्लाचे आईबाप प्रत्यक्ष पाहण्याची सोय आणि पहिले वर्ष खर्ची घालण्याची तयारी या तिन्ही गोष्टी हाताशी असतील तर पिल्लू घेणे सयुक्तिक आहे. सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतील कुटुंबाची स्थिती वॉलसीच्या अधिक जवळची असते, आणि तिथे स्वभाव दिसून चुकलेला, दोन-तीन वर्षांचा, शक्य तर काही दिवस घरी ठेवून पारखलेला कुत्रा हीच अधिक सावध निवड ठरते. वंशावळ ठाऊक नसलेले, पिंजऱ्यात तीन महिने काढलेले दुकानातले पिल्लू घेणाऱ्यास मात्र दोन्ही पद्धतींतील धोके पत्करावे लागतात आणि लाभ कोणताच मिळत नाही.

मोठ्या कुत्र्याला नव्या माणसाचा लळा लागत नाही, हा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याला या व्यवसायाने आपल्या आरंभापासून उत्तर देऊन ठेवले आहे. पिल्लांवर भर देणाऱ्या संस्थासुद्धा अंध व्यक्तीच्या हाती पिल्लू देत नाहीत. तिला मिळणारा कुत्रा साधारण दीड ते दोन वर्षांचा असतो, आईपासून संगोपक कुटुंबाकडे, तिथून प्रशिक्षकाकडे असे त्याचे हात बदललेले असतात, आणि तरी तीन-चार आठवड्यांच्या एकत्र शिक्षणानंतर तो नव्या माणसाला भर रहदारीतून नेऊ लागतो. शिक्षणात न टिकलेले आणि वयोमानाने निवृत्त झालेले कुत्रे या संस्था सामान्य घरांना दत्तक देतात, म्हणजे पिल्लांचा मार्ग धरलेल्या संस्था आज मोठ्या कुत्र्यांचा एक पुरवठाच बनल्या आहेत. बडी १९३८मध्ये मरण पावली. मॉरिस फ्रँकने तिच्यानंतरच्या आपल्या प्रत्येक मार्गदर्शक कुत्र्याचे नाव बडी असेच ठेवले, आणि त्यांपैकी एकही त्याच्याकडे पिल्लू म्हणून आला नव्हता.